सर रोनाल्ड रॉस

हिवतापाने मानवजातीचा छळ हजारो वर्षे केला आहे. दलदलीतून उठणारी दूषित हवा अंगास लागली की हा ताप येतो, अशी लोकांची समजूत होती. म्हणून दिवस मावळताच लोक दारे-खिडक्या लावून घेत. मच्छरदाणी काही घरांत असे. परंतु ती केवळ सुखाने झोप लागावी म्हणून. ज्यांना डासांची सवय झाली होती, त्यांना तिची गरज वाटत नसे. ही समजूत ज्यांच्या परिश्रमाने दूर झाली, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा येथे झाला. त्यांचे वडील लष्करात अधिकारी होते. रोनाल्ड यांचा ओढा काव्य, संगीत आणि चित्रकला यांकडे. परंतु वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८८१ साली ते लष्करी डॉक्टर म्हणून भारतात आले.

१८८३ साली ते बंगळूर येथे होते. त्यांच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होई. खिडकीखाली पाण्याचे एक पिंप होते, त्यात डासांच्या अळ्या वळवळत असलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. इतरांनीही असेच करावे, असे त्यांनी सुचविले. पण पलटणीतील अधिकाऱ्यास ते पटले नाही. उपाय सोपा असला तरी माणसे तो सहज स्वीकारीत नाहीत, याचा अनुभव रॉस यांना असा तरुणपणीच आला.

हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म जंतू असतात, हे लॅव्हरान या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली शोधून काढले होते. हे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात कसे, हे मात्र गूढच होते. या कामी डासांचा संबंध असावा, असा तर्क लंडनचे डॉक्टर मॅन्सन यांनी १८९४ साली रॉस यांना सांगितला. त्याची परीक्षा पाहण्याचा ध्यास घेऊनच रॉस भारतात परतले.

सिकंदराबादजवळ बेगमपेठ येथील रुग्णालयात त्यांनी असंख्य डास चिरून तपासले. ऑगस्टचा उकाडा असह्य होता. पण डास उडून जातील म्हणून पंखाही चालू ठेवता येत नसे. घामाने सूक्ष्मदर्शक यंत्राचे स्क्रू गंजून गेले. दोन वर्षे अपयशच पदरी पडले, कारण ते डास दुसऱ्याच जातीचे होते. अखेर पंखांवर ठिपके असलेले डास त्यांना मिळाले. हुसेनखान नावाच्या हिवतापाच्या रोग्यास मच्छरदाणीत निजवून ते डास आत सोडण्यात आले. चावलेल्या प्रत्येक डासामागे त्यास एक आणा मिळे. डासांना बाहेर ठेवणारी मच्छरदाणी येथे त्यांना आत ठेवण्याच्या कामी आली! २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या जठरात रॉस यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, ते जंतू डासाच्या लाळेतून चाव्यावाटे शरीरात शिरतात, हेही त्यांनी सिद्ध केले.

तरीही लोकांची खात्री पटणे बाकी होते. १९०० साली मॅन्सन यांनी काही डॉक्टरांना रोमजवळच्या दलदलीत राहावयास पाठविले. त्यांच्या घरास बारीक जाळ्या बसविल्या होत्या. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ते घरातच राहत. रात्रीची हवा आत मोकळेपणी येई; डास तेवढा येत नसे. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत असता हे डॉक्टर मात्र निरोगी राहिले.

रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

रॉस यांनी रोगाचे कारण दाखविले. पण मच्छरदाणी रोज रात्री बांधावयाची ती घरातील माणसांनीच. कोणी म्हणतो, आत उकडते. कोणी म्हणतो, आज डास दिसत नाहीत. कोणाला अंगणात निजावयाचे असते. या अडचणी खोट्या नाहीत. परंतु हिवताप पसरविणारा डास बहुधा रात्रीच चावतो आणि त्याचा एक चावाही पुरेसा होतो. घामाने भिजून, पंखा बंद ठेवून ज्यांनी हे सत्य शोधले, त्यांच्या श्रमांचे चीज करणे आपल्याच हाती आहे.