दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५ – १९८६) हे भारतीय गणितज्ञ व शालेय शिक्षक होते. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

जीवन

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. कारकून असलेल्या वडिलांनी त्यांचे संगोपन केले. शालेय शिक्षण ठाण्यात, तर महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या.

कार्य

सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. ही कृती पुनःपुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून अनुक्रमे ३०८७, ८३५२ आणि ६१७४ येतात. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. स्वयंभू संख्या, हर्षद संख्या व डेम्लो संख्या यांवरही त्यांनी लेखन केले. भारतातील अनेक गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या स्तंभात त्याविषयी लिहिल्यानंतर त्यांना जागतिक कीर्ती लाभली.

गणितशिक्षणातील महत्त्व

हुशार मुलांना पुढील इयत्तेचे गणित लवकर शिकवावे, की चालू इयत्तेतील संकल्पनाच खोलवर नेऊन शिकवाव्यात, हा वादाचा विषय आहे. लातूर व नांदेड यांसारख्या शिकवणीवर्गांच्या केंद्रांत तो विशेष निकडीचा ठरतो. कापरेकरांच्या कृतीला केवळ वजाबाकी लागते. मात्र प्रत्येक उत्तराला ९ ने भाग का जातो, हे समजण्यासाठी स्थानिक किमतीचा विचार करावा लागतो. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते. येथे बीजगणिताची गरज विद्यार्थ्याला स्वतःलाच जाणवते. कारण न विचारता केवळ ६१७४ पर्यंत पोहोचल्यास मात्र ही कृती वजाबाकीचा सराव एवढीच उरते.