जयंती विशेष : खताच्या पोत्यापासून जिभेखालच्या गोळीपर्यंत, नायट्रेटच्या घराण्यात आयुष्य घालवलेले आचार्य प्रफुल्लचंद्र रे

बिलोली : पाऊस उघडला की तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी गर्दी होते. विहीर खोदताना खडक लागला की सुरुंगवाल्याला बोलावणं जातं. घरातल्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली तर डॉक्टरांनी लिहून दिलेली छोटी गोळी जिभेखाली ठेवतात. खत, सुरुंग आणि गोळी या तिन्हींचं नातं एकाच घराण्याशी, ते म्हणजे नायट्रेट. याच घराण्यातल्या रसायनांवर उभं आयुष्य काढणारे आणि देशात औषधांचा कारखाना उभारणारे आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांची 2 ऑगस्टला जयंती.

आजारपणात लागलं वाचनाचं वेड

रे यांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 रोजी खुलना भागातल्या राडुली गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र जमीनदार होते आणि घरात पुस्तकांचं मोठं कपाट होतं. शाळेत असताना प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा जबर आजार झाला आणि शाळा सुटली. तब्येत कायमची नाजूक झाली, पण अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी मिळेल ते पुस्तक वाचून काढलं. पुढं गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून 1882 मध्ये ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला गेले आणि 1887 मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स होऊन बाहेर पडले.

एवढं शिकून मायदेशी आले, तर वर्षभर नोकरी नाही. वरच्या शैक्षणिक सेवेत गोऱ्यांचाच भरणा होता. शेवटी 1889 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दुय्यम जागा मिळाली, पगार महिना 250 रुपये.

हाडांची पोती अन् शेजाऱ्यांची तक्रार

त्या काळी साधं औषधही विलायतेहून यायचं. तरुणांनी फक्त कारकुनीच्या मागं लागू नये, स्वतःचा धंदा उभा करावा, हे रे यांच्या मनानं घेतलं होतं. सात-आठशे रुपयांच्या भांडवलावर 1892 मध्ये त्यांनी राहत्या घरातच औषधं बनवायला सुरुवात केली.

एका औषधासाठी फॉस्फेट हवं होतं. ते हाडांत असतं. म्हणून त्यांनी खाटकांकडून हाडांची पोती आणली आणि गच्चीवर वाळत घातली. नेमका अवकाळी पाऊस झाला, हाडं कुजली, कावळे तुकडे उचलून शेजाऱ्यांच्या घरात टाकायला लागले. शेजारी चिडले. मग हाडं गावाबाहेरच्या वीटभट्टीवर नेऊन जाळली, तर रात्रीचा जाळ बघून पोलिसांना वेगळाच संशय आला! पण त्या राखेवर गंधकाचं आम्ल टाकून हवं ते रसायन तयार झालंच. शेतकऱ्याला ओळखीचं असलेलं सुपर फॉस्फेटही खडकातल्या फॉस्फेटवर हेच आम्ल टाकून बनतं.

या घरगुती उद्योगाची 1901 मध्ये कंपनी झाली, बंगाल केमिकल्स. जुन्या पद्धतीनं गंधकाचं आम्ल करायला सोरा म्हणजे नायट्रेट लागायचं. आणि सोऱ्यावर गंधकाचं आम्ल टाकलं की नायट्रिक आम्ल मिळायचं. एका मालातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असा तो धंदा वाढत गेला. 1938 मध्ये कंपनीचा कारखाना मुंबईतही निघाला.

करायला गेले एक, झालं दुसरंच

कॉलेजच्या प्रयोगशाळेत 1895 च्या सुमारास रे यांनी पाऱ्यावर पातळ नायट्रिक आम्ल घालून ठेवलं. त्यांना पाऱ्याचं नायट्रेट हवं होतं. पण भांड्यात पिवळे स्फटिक दिसले. फेकून न देता त्यांनी ते तपासले, तेव्हा कळलं की हे नायट्रेट नव्हे, नायट्राइट आहे. नायट्रेटमध्ये नायट्रोजनच्या एका अणूसोबत ऑक्सिजनचे तीन अणू असतात, नायट्राइटमध्ये दोन. एवढाच फरक, पण गुणधर्म पार वेगळे. मर्क्युरस नायट्राइटच्या या शोधानं त्यांचं नाव जगात गेलं. त्या स्फटिकांचा शेतात थेट उपयोग नाही, मात्र त्यातून भारतात रसायनशास्त्राच्या संशोधनाची परंपरा उभी राहिली.

शिष्य मातीकडे वळले

मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस हे त्यांचेच विद्यार्थी. दुसरे शिष्य नीलरतन धर यांनी अलाहाबादेत मातीतल्या नायट्रोजनवर आयुष्यभर काम केलं. शेण, काडीकचरा, साखर कारखान्यातली मळी जमिनीत घातली तर नायट्रोजन कसा टिकतो अन् वाढतो, हे त्यांनी अभ्यासलं.

हे आपल्या बांधावरही लागू पडतं. टाकलेल्या युरियाचं मातीतले जिवाणू शेवटी नायट्रेट करतात आणि पीक नायट्रोजन मुख्यतः त्याच रूपात घेतं. पण नायट्रेट पाण्यात लगेच विरघळतं. एकदम जास्त टाकलं आणि जोराचा पाऊस झाला की ते मुळांच्या खाली निघून जातं. म्हणून युरिया हप्त्याहप्त्यानं द्यायचा. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी तर हवेतला नायट्रोजन स्वतःच धरतात.

खाली गेलेलं नायट्रेट विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, अशी मर्यादा आहे. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. हे पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. म्हणून पाणी तपासून घेतलेलं बरं. दुसरीकडं तेच घराणं हृदयरोग्याच्या रक्तवाहिन्या सैल करतं. पण ती गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणी घेऊ नये, रक्तदाब एकदम खाली येतो.

आठशे पगार, खर्चाला चाळीस

गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात रे यांचे शेजारी अन् मित्र होते. 1901 च्या काँग्रेस अधिवेशनानंतर गांधीजी गोखल्यांकडे राहिले, तेव्हा गोखल्यांनीच दोघांची ओळख करून दिली. आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःला ठेवून बाकी समाजकार्याला देणारा प्राध्यापक, अशी ती ओळख होती.

1916 मध्ये ते विद्यापीठाच्या विज्ञान कॉलेजात गेले. साठी झाल्यावर, 1921 पासून त्यांनी अख्खा पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. 1922 मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला, तेव्हा साठी ओलांडलेला हा माणूस मदत समितीचा पुढारी होऊन विद्यार्थ्यांसह कामाला लागला. पैसा, कपडे, धान्य गोळा करून पूरग्रस्तांच्या दारात पोचवलं.

लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. कॉलेजच्या इमारतीतल्याच एका खोलीत ते राहिले आणि 16 जून 1944 रोजी तिथंच त्यांनी देह ठेवला. त्यांनी काढलेली बंगाल केमिकल्स आज केंद्र सरकारच्या मालकीची असून अजूनही औषधं बनवते.