शेरीफबाईंची गाडी

कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द घुसणारच, तेवढं चालवून घ्या. माणूस मात्र भन्नाट निवडलाय, जॉन डिलिंजर. १९३३-३४ मध्ये अमेरिकेत गाजलेला बँक लुटारू. गंमत म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस त्याच्या मागे लागले ते बँकांसाठी नाही, एका चोरलेल्या गाडीसाठी!

जन्म २२ जून १९०३, इंडियानापोलिस. वडिलांचं किराणा दुकान. विशीत एक गाडी चोरली, मग नेव्हीत भरती झाला आणि काही महिन्यांत तिथूनही पळाला. १९२४ मध्ये एका दुकानदारावर हल्ला केला आणि वकील न घेताच गुन्हा कबूल केला. शिक्षा १० ते २० वर्षं! त्यातली जवळजवळ ९ वर्षं तो आत होता. म्हणजे आपण डिग्री घेतो त्या वयात हा तुरुंगात, आणि तिथले सीनियर्स कोण, तर मुरलेले बँक लुटारू. मे १९३३ मध्ये पॅरोलवर सुटला आणि लगेच प्रॅक्टिकल्स सुरू.

या धंद्यात गाडी महत्त्वाची. तेव्हा इमोबिलायझर वगैरे भानगड नव्हती. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको, बऱ्याच गाड्यांत स्विचला बगल देऊन बॅटरीचा करंट इग्निशन कॉइलपर्यंत नेला की काम झालं. त्यात फोर्डने १९३२ मध्ये स्वस्तातली व्ही-एट आणली, मग काय विचारता! बँक लुटायची, सुसाट सुटायचं आणि राज्याची हद्द ओलांडायची. मागचे पोलीस हद्दीवर अडकायचे. बँक लुटणं हा मे १९३४ पर्यंत केंद्राचा गुन्हाच नव्हता. पण चोरीची गाडी जाणूनबुजून दुसऱ्या राज्यात नेणं हा १९१९ च्या डायर कायद्याने केंद्राचा गुन्हा होता, ५ वर्षांपर्यंत कैद.

जानेवारी १९३४ मध्ये टूसानला त्याच्या टोळीच्या हॉटेलला आग लागली. आग विझवणाऱ्या जवानांनी नंतर फोटो बघून चेहरे ओळखले आणि सगळे सापडले. त्याला इंडियानात क्राउन पॉइंटच्या तुरुंगात ठेवलं. इथून कुणी पळूच शकत नाही, असा तिथल्या लोकांचा दावा. ३ मार्चला साहेब पळाले! हातात लाकडाचं खोटं पिस्तूल होतं म्हणतात. शेरीफ होत्या लिलियन होली. त्यांचीच फोर्ड व्ही-एट घेतली, एका मेकॅनिकसकट दोघांना ओलीस धरलं आणि थेट इलिनॉय गाठलं.

माझ्या मते इथेच त्याचा हिशोब चुकला. गाडी शिकागोत मिळाली आणि आज ज्याला एफबीआय म्हणतात ते खातं हद्दींची पर्वा न करता देशभर मागे लागलं. एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या लॉजवर धाड पडली, ती पार फसली. त्याने चेहऱ्याची सर्जरी केली, बोटांचे ठसे अ‍ॅसिडने घालवायचा प्रयत्न केला.

शेवटी खबर दिली ॲना सेजने. ती मूळची रुमानियाची, सरकार तिला देशाबाहेर काढणार होतं, ते टळावं ही आशा. २२ जुलै १९३४ ला डिलिंजर तिच्यासोबत शिकागोच्या बायोग्राफ थिएटरमधून सिनेमा बघून बाहेर पडला आणि गोळ्यांना बळी पडला. अ‍ॅसिड लावूनही ठसे जुळलेच. ॲनाला ५,००० डॉलर मिळाले, तरी १९३६ मध्ये रुमानियाला धाडलंच. गाडीचोरीची केस मात्र कोर्टात कधी उभीच राहिली नाही.