सी. रामचंद्र
रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (जन्म : १२ जानेवारी १९१८, पुणतांबे, मृत्यू : ५ जानेवारी १९८२, मुंबई) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार आणि गायक होते. 'चितळकर' या नावाने ते पार्श्वगायन करीत. राम चितळकर आणि अण्णासाहेब या नावांनीही त्यांनी काही चित्रपटांना संगीत दिले. पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका आणि वाद्यमेळ भारतीय चित्रगीतात रुजविणाऱ्या आरंभीच्या संगीतकारांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य
तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे हे त्यांचे जन्मगाव. नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुढे विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. चित्रपटसृष्टीत त्यांचा प्रवेश मात्र अभिनेता म्हणून झाला. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली. परंतु त्यात यश आले नाही. त्यानंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मुव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असताना ते तेथील संगीतकारांना पेटीची साथ करू लागले. या उमेदवारीतूनच त्यांना संगीतदिग्दर्शनाची वाट सापडली. आरंभी त्यांनी तमिळ चित्रपटांना संगीत दिले. मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटाने ते हिंदीत आले आणि त्या दोघांची दीर्घकालीन मैत्री जुळली.

पाश्चात्त्य वळण
त्या काळी मुंबईतील मोठ्या हॉटेलांत आणि क्लबांत जॅझ व नृत्यसंगीत वाजविणाऱ्या बँडमध्ये गोव्यातील वादकांचा मोठा भरणा होता. चर्चच्या शाळांतून त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत झालेले असे. संगीतकाराने पेटीवर बांधलेली चाल कागदावर उतरवून ती ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, व्हायोलिन अशा वाद्यांत वाटून देण्याचे काम हे वादक करीत. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ आणि जॉनी गोम्स हे अशा कामात सी. रामचंद्र यांचे सहकारी होते.

'शहनाई' (१९४७) या चित्रपटातील 'संडे के संडे' या गाण्याने त्यांचे नाव घरोघर पोहोचले. 'समाधी' (१९५०), मास्टर भगवान यांचा 'अलबेला' (१९५१) आणि 'आशा' (१९५७) या चित्रपटांत हा बाज अधिक ठळक झाला. 'अलबेला'तील नृत्यप्रसंगांत चिक चॉकलेट यांचा बँडही पडद्यावर दिसतो. 'आशा'तील निरर्थक अक्षरांच्या 'ईना मीना डीका'मध्ये रॉक अँड रोलचा वेग आढळतो.

या गाण्यांवर उथळपणाचा आणि उसनवारीचा आक्षेप घेतला गेला. तो काळही अशा संगीताला अनुकूल नव्हता. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरील चित्रगीतांना आळा बसला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. सी. रामचंद्र यांनी वादात न पडता दोन्ही प्रकारची गाणी रचली. 'अलबेला'मध्येच उडत्या चालींच्या शेजारी पिलू रागाच्या छायेतील 'धीरे से आजा री' हे अंगाईगीत आहे, आणि 'अनारकली' (१९५३) या चित्रपटातील लता मंगेशकर यांची गाणी रागाधारित आहेत. एकाच काळातील ही दोन रूपे पाहिली म्हणजे पाश्चात्त्य ठेका ही त्यांची मर्यादा नसून निवड होती, हे स्पष्ट होते.

'ऐ मेरे वतन के लोगो'
चीन युद्धानंतर कवी प्रदीप यांनी लिहिलेल्या या गीताला सी. रामचंद्र यांनी चाल दिली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी ते गायिले. ज्यांच्यावर परकीय चालींचा ठपका होता, त्यांचीच ही रचना राष्ट्रीय स्मरणगीत ठरली. तथापि हिंदी चित्रपटांतील त्यांचे काम या सुमारास ओसरू लागले होते.

मराठीतील कार्य
मराठीत त्यांनी 'धनंजय' आणि राजा ठाकूर दिग्दर्शित 'घरकुल' (१९७०) या चित्रपटांना संगीत दिले. ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल'लाही त्यांच्याच चाली आहेत.

'घरकुल'मध्ये ब्रिटनमधील मागच्या दशकाचे सूर मराठीत आलेले दिसतात. 'पप्पा सांगा कुणाचे' या बालगीताची चाल ब्रिटिश गायिका जोन रेगन यांनी १९६०मध्ये लोकप्रिय केलेल्या 'पापा लव्हज मामा' या गाण्यावर आधारित आहे. माडगूळकरांचे शब्द आणि अरुण सरनाईक, प्रमिला दातार व राणी वर्मा यांचे स्वर यांमुळे ते गाणे इतके मराठी झाले की, त्याचे मूळ अनेकांना परकीय वाटत नाही. याच चित्रपटातील 'हाऊस ऑफ बांबू' हे गाणे अँडी विल्यम्स यांनी गायलेल्या त्याच नावाच्या इंग्रजी गीतावरून घेतले आहे. बांबूने सजविलेले सोहोतील एस्प्रेसो कॉफीगृह हा मूळ गीताचा विषय. युद्धोत्तर लंडनमध्ये अशी कॉफीगृहे तरुणांच्या संगीताची आणि नव्या सजावटीची केंद्रे होती. त्याच चित्रपटात सुरेश भट यांची 'मलमली तारुण्य माझे' ही रचना आशा भोसले यांच्या आवाजात आहे; तिच्या चालीत मात्र या सोहोचा मागमूस नाही.

अखेरची वर्षे
१९७७मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'अलबेला'तील नृत्यगीते लग्नाच्या वरातींतून, 'पप्पा सांगा कुणाचे' शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' राष्ट्रीय सणांच्या दिवशी आजही ऐकू येते.