रविवार मिळवून देणारे सत्यशोधक : नारायण मेघाजी लोखंडे

दर रविवारी सकाळी तुम्ही शुभ्र वस्त्रे परिधान करून विहारात जाता. त्रिशरण-पंचशील ग्रहण करता, बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन ऐकता आणि मुलाबाळांसह घरी परतता. हे सारे रविवारीच का होते, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय? तसे पाहिले तर रविवार हा काही धम्माचा वार नव्हे. आपला उपोसथ पौर्णिमेला, अमावास्येला आणि अष्टमीला येतो. रविवार आपण धरला तो एवढ्याचसाठी, की त्या दिवशी कचेऱ्या, शाळा आणि कारखाने बंद असतात व माणसे मोकळी असतात. म्हणजे आपल्या साप्ताहिक वंदनेचा पाया कामगारांच्या सुटीवर उभा आहे. ही सुटी गिरणी कामगारांना कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. ती ज्यांनी मिळवली, त्या पुरुषाचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जात फुलमाळी, परिस्थिती गरिबीची. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले आणि पुढे पोटासाठी नोकरी धरावी लागली. प्रथम रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि त्यानंतर मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केले. या शेवटच्या नोकरीनेच त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

त्या काळची गिरणी कशी होती, हे डोळ्यांपुढे आणा. विजेचे दिवे आलेले नव्हते, म्हणून सूर्य उगवला की यंत्रे सुरू होत आणि सूर्य मावळला की थांबत. हिवाळ्यात अकरा तास, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. मध्यान्हीला विश्रांतीची ठरलेली वेळ नाही, भाकर यंत्राशेजारीच खायची. सणावाराच्या मोजक्या सुट्या सोडल्या तर आठवड्याचा असा मोकळा दिवस नाही, आणि सुटी असली तरी यंत्रे पुसायला बोलावणे यायचेच. कोकणातून, साताऱ्याकडून आलेली ही माणसे काळोखात खोली सोडत आणि काळोखात परतत. कापसाचे तंतू छातीत जाऊन खोकला जडे. दिवसाच्या अखेरीस डोळा लागला की बोटे यंत्रात जात. हात गेला तर माणूस गावी जाई, त्याच्या जागी दुसरा येई. पगारही वेळेवर नसे, एका महिन्याचा पगार दुसरा महिना उलटून गेला तरी हाती पडत नसे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, त्यात सात वर्षांखालील मुलांना कामाला लावू नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि त्यांना महिन्याला चार सुट्या द्याव्यात, एवढेच होते. प्रौढ पुरुष आणि स्त्री यांच्याविषयी कायद्यात अक्षर नव्हते.

लोखंडे हे सर्व कोठारात बसून पाहत होते. पाहणारे अनेक होते, परंतु लोखंडे महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते आणि त्यामुळे जे दिसते ते नशीब म्हणून सोडून देण्याची त्यांना सवय नव्हती. पुण्यास १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढलेले 'दीनबंधु' पत्र बंद पडण्याच्या वाटेवर होते. १८८० साली ते मुंबईस आणून लोखंड्यांनी त्याचे संपादकपद पत्करले. आपल्या समाजाने हेही ध्यानात ठेवावे, की अस्पृश्यांच्या पहिल्या पुढाऱ्यांपैकी एक, गोपाळबाबा वलंगकर, याच पत्रात लिहीत असत.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखाना कायद्याच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार, मग कामगारांच्या वतीने कोण बोलणार? लोखंड्यांनी त्या सप्टेंबरच्या २३ आणि २६ तारखेस परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनला सादर केला. मागण्या पाच होत्या. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी होणाऱ्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय. वाचकहो, या पाच मागण्या पुन्हा वाचा. पगार वाढवा अशी मागणी यात नाही. कामगाराने पहिल्याने मागितला तो वेळ.

याच काळात त्यांनी मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. अभ्यासक सांगतात, की हिला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती, म्हणून ती खऱ्या अर्थाने युनियन नव्हे. असेल. पण यादी नसलेल्या या संस्थेच्या हाकेला पुढे दहा हजार माणसे आली.

मध्यंतरी सहा वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. येथे एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. कारखाना कायदा कडक व्हावा म्हणून विलायतेत लँकेशायरचे गिरणीवाले खटपट करीत होते. त्यांचा हेतू काही धर्मात्म्याचा नव्हता, मुंबईचे कापड महाग व्हावे एवढाच होता. हे कारण पुढे करून देशभक्त म्हणवणाऱ्या बहुतेक वर्तमानपत्रांनी कायद्याला विरोध केला. देशी उद्योग बुडेल, असा त्यांचा ओरडा होता. देशी उद्योग वाचवायचा तर देशी मजुराने चौदा तास राबावे, असा त्याचा अर्थ होई. परक्याचा डाव ओळखूनही आपल्या कामगाराची बाजू सोडायची नाही, हे अवघड काम लोखंड्यांनी केले. देशाचे नाव घेऊन गरिबाला गप्प बसवण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही, म्हणून हा प्रसंग विस्ताराने सांगितला.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा भरली. दहा हजारांवर कामगार जमले होते आणि दोन कामगार स्त्रियाही व्यासपीठावरून बोलल्या. १८९० साली गिरणीतल्या बाईने हजारो पुरुषांसमोर उभे राहून बोलावे, ही गोष्ट लहान समजू नका. सभेचा अर्ज गिरणी मालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. आपल्या शिष्याचे हे यश त्यांना पाहायला मिळाले.

सरकारने त्या वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर मुंबईच्या कामगारांतर्फे सहायक सभासद म्हणून लोखंड्यांना घेतले. १८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि मुलांचे सात तासांवर आले, मुलांचे किमान वय नऊ झाले. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा पडली नाही. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा मालकांना सूर्याचीही अडचण उरली नाही आणि १९०५ च्या सुमारास पुन्हा चौदा-पंधरा तास गिरण्या चालू लागल्या.

लोखंड्यांचे उर्वरित कार्य थोडक्यात सांगतो. विधवांचे केशवपन करणार नाही, असा ठराव त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी केला. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंगलीत त्यांनी दोन्ही समाजांतील कामगारांमध्ये सलोख्यासाठी खटपट केली. १८९५ साली सरकारने रावबहादूर हा किताब दिला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले, लोखंडे रोग्यांच्या सेवेसाठी राहिले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाईही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. लोखंड्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघायला मात्र २००५ साल उजाडावे लागले.

आता आपल्या माणसांचा प्रश्न. लोखंड्यांच्या गिरणीत महार होते, पण विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे इतरांना विटाळ होई. लोखंड्यांच्या पाच मागण्यांत याचा उल्लेख नाही. हे न्यून मान्य केले पाहिजे. १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न बाबासाहेबांनी धसास लावला. आणि गिरणीबाहेर, गावात, आपल्या लोकांना रविवार काय, रात्रही नव्हती. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडताना बाबासाहेबांनी हे सविस्तर दाखवून दिले, की वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील असतो, तो हजर नसला तर त्याच्या बापाला, भावाला किंवा घरातील कुणालाही कामाला ओढता येते, आणि मोबदला म्हणून थोडीशी जमीन व गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. मराठवाड्यात निजामी अमलात वेठबिगारीचे स्वरूप याहून निराळे नव्हते. तुमच्या आजोबांना विचारता आले असते तर त्यांनी सांगितले असते. ज्याची हाक केव्हा येईल याचा नेम नाही, त्याला पोराला घेऊन बसायला, शिकायला, कुणाचा उपदेश ऐकायला वेळ कोठून मिळणार? १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडली तेव्हा आपण पहिल्यांदा आपल्या दिवसाचे मालक झालो.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी लोखंड्यांचे अपुरे काम पुढे नेले. आपल्या सभांतून, बाबासाहेबांनी एका फटक्यात चौदा तासांचे आठ तास केले, असे नेहमी ऐकू येते. बाबासाहेबांचे मोठेपण सांगायला वाढवून सांगण्याची गरज नाही. १९११ ला पुरुषांचे बारा तास झाले, १९२२ ला अकरा, १९३४ ला दिवसाचे दहा आणि आठवड्याचे चोपन्न. बाबासाहेबांनी आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि दिवसाचे अधिकात अधिक नऊ तास ठरले. त्याआधी १९४५ ला वर्षभर नोकरी झालेल्या प्रौढ कामगारास दहा दिवसांची पगारी रजा मिळाली, हेही त्यांचेच काम. सहा दिवसांनी भागले तर अठ्ठेचाळिसाचे आठ होतात, ते आठ तास हेच.

तथागतांनी या विषयावर काय सांगितले? राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र रोज पहाटे सहा दिशांना हात जोडत असे. भगवंतांनी त्याला त्या दिशांचा खरा अर्थ सांगितला. खालची दिशा म्हणजे नोकरचाकर आणि कामकरी. त्यांची पूजा मालकाने पाच प्रकारे करावी : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरात काही गोडधोड झाले तर त्यांना वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुटी द्यावी. लोखंड्यांच्या अर्जातील सुटी, विश्रांती, वेतन आणि आजारपण यांपैकी एकही गोष्ट या यादीबाहेर नाही. नोकराचीही पाच कर्तव्ये त्या सूत्रात आहेत. मालकाआधी उठावे, नंतर झोपावे, हेही त्यात आहे, आणि मालक मंडळींना तेवढेच पाठ असते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात मालक-नोकरांचा हा भाग मुद्दाम घेतला आहे.

मग उमरीकडे पाहू. आपल्या भागात सालगड्याचा करार पाडव्याला होतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. त्या वर्षात जनावरांना वैरण-पाणी घालायला सुटी नाही, पेरणीत नाही, राखणीत तर रात्रही शेतातच जाते. रोजंदारीच्या बायांना निदान आठवडी बाजाराचा दिवस मोकळा मिळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने उचल घेतलेली असते, एक दिवस पडून राहिले तर खाडा कापला जातो. गाडी रात्री दोनला आली तरी उठून भरावी लागते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेले, ते या खाड्यांशीच निगडित होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत आणि कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. पोटाला चिमटा असलेल्या माणसाची संमती कशी मिळते, हे उमरीच्या वाचकाला सांगायला नको.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्यातही आता मालक झाले आहेत. कुणी शिक्षक आहे आणि गावाकडे त्याच्या शेतावर सालगडी आहे. कुणाचे दुकान आहे, कुणाचा ट्रॅक्टर आहे, कुणी ऊसतोडीचा मुकादम आहे, कुणाच्या घरी धुणीभांडी करणारी बाई येते. येत्या रविवारी विहारात बसाल तेव्हा हे नजरेपुढे आणा, की तुमच्या दुकानातला मुलगा त्या वेळी कोठे आहे. सालगड्याला तुम्ही शेवटची सुटी केव्हा दिली होती? तो आजारी पडला तेव्हा खाडा धरला होता काय? येत्या पाडव्याला करार करताना आठवड्याचा एक दिवस त्यात लिहून घ्या, आणि त्या दिवशी वैरण-पाण्याला स्वतः जा. आपल्या तालुक्यातील दोन-चार उपासकांनी जरी असा करार केला, तरी त्याची हकीकत या पाक्षिकाकडे जरूर पाठवावी.