आजींनी अर्ध्यावर थांबवलेलं पुस्तक

आमच्या डहाणूच्या महिला मंडळाचा महिन्यातून एकदा वाचनकट्टा असतो. पंधरा-वीस जणी जमतो, कुणीतरी पोहे नाहीतर खिचडी करून आणतं आणि मग गप्पा. गेल्या वेळी तलासरीच्या बचत गटातल्या चार-पाच जणींनाही बोलावलं होतं. विषय होता, मला घडवणारं पुस्तक. ‘श्यामची आई’ तिघींनी सांगितलं, ते अपेक्षितच होतं. एकीनं ‘मृत्युंजय’, एकीनं ‘स्मृतिचित्रे’. बालवाडीतून निवृत्त झालेल्या आमच्या काकूंनी अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ सांगितलं आणि सांगता सांगता डोळे पुसले. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. एकीनं मात्र भुवया वर केल्या. तिला माझं सासर माहीत आहे.

माझं माहेर नाशिकचं. २००३ साली लग्न होऊन मी इथं आले. सासरी एकेकाळी गवताची वखार होती आणि बरीच जमीन होती. ती सगळी कुळकायद्यात गेली, हे वाक्य मी पहिल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलं, की घरात कुणीतरी माणूसच गेल्यासारखं वाटायचं. त्या बोलण्यात एक बाई यायची. तिचं नाव कुणी घेत नसे. लाल बावट्याची बाई, एवढंच.

मी मराठी घेऊन बी. ए. केलेलं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, हे परीक्षेपुरतं पाठ होतं, पुस्तक काही वाचलेलं नव्हतं. २००४ च्या पावसाळ्यात वाचनालयात दिसलं म्हणून सहज घरी आणलं. तुम्हाला खरं सांगते, आपण कुठलं पुस्तक कुठल्या घरात नेतोय, याची मला काडीची कल्पना नव्हती. माझ्या आजेसासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. मोतीबिंदूमुळे वाचता येत नसे, म्हणून दुपारी मी त्यांना काहीबाही वाचून दाखवायची. आज काय आणलंस, म्हणून त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, लेखिकेचंही सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, वाच.

ते काही आत्मचरित्र नव्हे. आमच्या या भागातल्या वारल्यांच्या उठावाची ती हकिकत आहे. त्यामुळे गोदावरीबाईंचं आयुष्य मला पुढे इकडून तिकडून जमवावं लागलं.

त्या पुण्याच्या. जन्म १४ ऑगस्ट १९०७, माहेरचं नाव गोखले. वडील लक्ष्मणराव नामांकित वकील. घरी सुबत्ता आणि मुलीला शिकवायची हौस, दोन्ही. फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकून त्या कायद्याच्या पदवीधर झाल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर असा त्यांचा उल्लेख होतो. वडिलांच्या मागोमाग कोर्टात उभं राहायचं, एवढंच बाकी होतं. पण त्या स्वातंत्र्य चळवळीत पडल्या आणि १९३२ साली तुरुंगात गेल्या. वडील मवाळ विचारांचे, त्यांना हे रुचलं नाही. मुलीनं घर सोडलं आणि मुंबई गाठली. पंचविशीतली, अविवाहित, उच्चशिक्षित मुलगी, वडिलांच्या मर्जीविरुद्ध बाहेर पडते, आणि तेही १९३०च्या दशकात! आपल्यातल्या कितीजणींना आजही हे जमेल, हे ज्याचं त्यानं मनाला विचारावं.

नामदार गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. तिथं असताना त्यांनी प्रौढांना साक्षर करण्याची मोहीम चालवली. १९३८ साली मुंबईतल्या घरगड्यांची संघटना बांधली. बाईनं महिन्याला चार सुट्ट्या मागितल्या तर आपल्यात अजून कुरकुर होते, म्हणून हे मुद्दाम सांगते. १९३९ च्या मे महिन्यात त्यांनी समाजातलेच सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी लग्न केलं. दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले आणि युद्धविरोधी प्रचारासाठी १९४० पासून दोघांना तुरुंगवास झाला. संसार म्हणून ज्याला आपण म्हणतो, तो या दोघांनी केव्हा केला असेल, कुणास ठाऊक.

आमच्या भागाशी त्यांची गाठ पडली ती १९४५ च्या जानेवारीत, टिटवाळ्याला. किसान सभेची तिथं परिषद होती. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथपर्यंत पोचले होते, त्यांत माह्या धांगडा होता. (आताचा तलासरी तालुका तेव्हा उंबरगावात मोडायचा. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी इकडे राहिली.) शहरातल्या पुढाऱ्यांनी शेतकऱ्यांची गाऱ्हाणी खूप ऐकली असतील, पण जंगलपट्टीत काय चाललंय याची गोदावरीबाईंनाही तोवर पुरती कल्पना नव्हती. वारल्यांनी या म्हटलं आणि त्या आल्या. पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, झोपडीत राहिल्या, तिथं जे शिजेल ते खाल्लं.

त्यांनी जे पाहिलं, त्यातल्या दोन गोष्टी तरी सांगायलाच हव्यात. एक वेठ. सावकाराच्या शेतावर आधी फुकट नांगरायचं, लावणी करायची, त्याची लाकडं फोडायची, आणि मग वेळ उरला तर स्वतःच्या पोटाचं बघायचं. नाही म्हटलं तर झाडाला बांधून मार. बायकांच्या अब्रूला तर किंमतच नव्हती. दुसरी गोष्ट लग्नगडी. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये कर्ज घ्यायचा. ते फेडायचं अंगमेहनतीनं, आणि हिशेब सावकाराच्या वहीत. वहीतलं कर्ज काही संपायचं नाही. नवरा राबायचा, त्याच्या बरोबर नवी नवरीही राबायची, पुढे मुलंही. ज्या लग्नासाठी कर्ज काढलं, त्या लग्नातून सावकाराला दोन गुलाम मिळायचे.

मी हे पान वाचत होते आणि आजींनी हात वर केला. पुरे म्हणाल्या. मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आपण होऊन बोलल्या. त्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. मागच्या पडवीत एक जोडपं असायचं, लग्नगडीच. त्यातली बायको आजींच्याच वयाची. दोघी नव्या नवऱ्या एकाच घरात, एक माजघरात आणि एक गोठ्यात. आजींना तिचं नाव आठवत होतं, तिच्या नवऱ्याचं आठवत नव्हतं. पहिलटकरीण असताना आजींचे पाय सुजायचे, तर ती कसलासा पाला वाटून लावायची. एक दिवस दोघं गेली. घरात खूप आरडाओरडा झाला, सासरे बाहेर जाऊन येऊन लाल झाले, आणि सुनांना काही विचारायची सोय नव्हती. ती दोघं का गेली, कुठे गेली, हे आजींना साठ वर्षं कळलं नव्हतं.

ते पुस्तकात पुढच्याच पानांत होतं. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची पहिली परिषद भरली. पाचेक हजार माणसं आली होती. यापुढे वेठ करायची नाही, बारा आणे रोख रोजाशिवाय मालकाच्या शेतावर राबायचं नाही, असं तिथं ठरलं. त्यानंतर गोदावरीबाई, शामराव आणि वारली कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना सांगत सुटले, की तुम्ही मोकळे आहात. कायदा काही नवा झालेला नव्हता. कुणीतरी येऊन मोठ्यानं म्हणायची गरज होती. काही आठवड्यांत ही प्रथा कोसळली. आमच्या मागच्या पडवीतली दोघं त्याच दिवसांत गेली असणार.

सावकार स्वस्थ बसणार नव्हतेच. पावसाळा सरला की गवतकापणी. इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, त्यावर कितीतरी वखारी उभ्या होत्या, आमचीही त्यांतलीच. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत, अशी वारल्यांची मागणी होती. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर, विळ्यानं, वाकून. संप झाला. त्यातच १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो वारली गोळा झाले. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी आवई कुणीतरी उठवली होती. बाई तिथं नव्हत्याच. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं ठार झाले. ज्या बाईला वाचवायला ही माणसं आली होती, तिला हे सगळं मागाहून कळलं. हे ओझं बाळगून जगणं कसं असेल, याचा विचार मी अनेकदा करते. पुढे परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यात पाऊल टाकायला बंदी झाली. चळवळ थांबली नाही, कारण तोवर ती वारल्यांची झाली होती. गवताचा भाव वाढवून द्यावाच लागला.

त्यांच्या पक्षाची सगळी मतं मला पटतात असं नाही, आणि या लेखात तो वादही नको. पण ज्या काळात पुढारी गाडीतून उतरून भाषण करून परत जायचे, त्या काळात ही पुण्याची वकिलाची मुलगी जंगलात राहिली. वारली त्यांना गोदाराणी म्हणायचे. त्यांच्या लेखणीबद्दल माझी एकच तक्रार आहे. एवढ्या साऱ्यात त्यांनी स्वतःबद्दल फारच कमी सांगितलं. दमल्या कधी, रडल्या कधी, नवऱ्याशी भांडण झालं कधी? आपल्याला असलंही वाचायला हवं असतं.

शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये आर्थर रोड तुरुंगातच वारले. त्यानंतर गोदावरीबाई आणखी एकतीस वर्षं जगल्या आणि राबल्या. १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आलं, १९७२ चा अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हे दुसरं पुस्तक. नावातच हिशेब आहे. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्याच महिला अध्यक्ष, तेही एकोणऐंशीव्या वर्षाच्या आसपास. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्या गेल्या, तलवाड्याच्या स्मृतिदिनाच्या दोनच दिवस आधी. तलासरीच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तीही गोदूताईंच्या नावाची.

उरलेलं पुस्तक मी आजींना वाचून दाखवलं का? नाही. त्यांनी पुन्हा मागितलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. झरीचं तेवढं तोंडी सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या आणि मग म्हणाल्या, म्हणजे बरी असेल ती कुठेतरी. २००९ साली आजी गेल्या. पुस्तक वाचनालयाला परत केलं होतं, नंतर मी स्वतःची प्रत विकत घेतली. ती आता दर्शनी कपाटात आहे. आमच्या घरी ती बघून अजूनही एखादा पाहुणा विषय बदलतो.

कट्ट्यावर हे सगळं बोलताना माझा आवाज जरा कापला असावा. बोलून झाल्यावर तलासरीच्या गटातली एक तरुण मुलगी उठली. वारली, बावीस-तेवीसची. म्हणाली, ताई, मी त्याच कॉलेजातून बी. ए. झाले, रोज कमानीवरचं नाव बघितलं, पण हे पुस्तक काही वाचलं नाही. तिनं गोदाराणी ऐकली होती ती आजीकडून, आणि आजीनं तिच्या आईकडून. त्यांच्या गोष्टीत बाई रात्री डोंगर उतरून येते आणि ती आली की सावकाराचे कुत्रे भुंकत नाहीत. आमच्यातल्या एकीला हसू आलं, पण ती मुलगी गंभीर होती. तिला घडवणारं पुस्तक म्हणजे हीच गोष्ट, कारण घरात दुसरं पुस्तकच नव्हतं.

मी माझी प्रत तिला दिली. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली. जाताना दारात थांबली आणि विचारलं, ताई, तुमच्याकडची ती पाल्यावाली, ती कुठल्या पाड्यावरची होती? आमची आजी सगळे पाडे ओळखते, तिला विचारून बघते.

आजींनी मला तिचं नाव सांगितलं होतं. पाडा मी विचारलाच नव्हता.