उपेंद्रकिशोर रायचौधुरी : बालवाङ्मय आणि चित्रमुद्रण

बालवाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा संहितेपुरता केला जातो. कथेची भाषा, तिचा बोध, तिच्यातील कल्पकता यांची चर्चा होते. चित्र कोणी काढले, त्याचा ठसा कसा उमटला, हे प्रश्न मात्र मुद्रणालयाच्या दारातच थांबतात. बंगाली लेखक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे चरित्र पाहता ही विभागणी किती अपुरी आहे हे ध्यानात येते.

त्यांचा जन्म १२ मे १८६३ रोजी मैमनसिंह जिल्ह्यातील मसूआ या गावी झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ नाव कामदारंजन. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास नात्यातील जमीनदार हरिकिशोर रायचौधुरी यांनी त्यांना दत्तक घेतले आणि नवे नाव दिले. दत्तक घराणे सनातनी असतानाही कलकत्त्यास आल्यावर त्यांनी ब्राह्मो समाजाचा स्वीकार केला. समाजसुधारक द्वारकानाथ गांगुली यांची कन्या विधुमुखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लेखन, चित्रकला, व्हायोलिनवादन आणि विज्ञान या चारही क्षेत्रांत त्यांची गती होती.

‘छेलेदेर रामायण’ या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. त्यातील त्यांची चित्रे लाकडी ठशांवरून छापताना पार बिघडली. मुलांच्या हाती असे पुस्तक देणे त्यांना मानवले नाही. त्यांनी इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली आणि १८९५ मध्ये स्वतःचा ठसेकामाचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे ‘यू. रे अँड सन्स’ झाला. हाफटोन पद्धतीत जाळीच्या साहाय्याने चित्राचे लहानमोठे ठिपके होतात व त्यांतून छायाप्रकाशाचा भास निर्माण होतो. जाळीचे अंतर व भिंगाचे छिद्र यांच्या संबंधाचा त्यांनी कलकत्त्यात राहूनच गणिती अभ्यास केला. लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात त्यांचे यावरील लेख प्रसिद्ध झाले.

१९१० मध्ये ‘टुनटुनिर बोइ’ प्रकाशित झाले. जेवणाआधीच पेंगणाऱ्या मुलांना जागे ठेवण्यासाठी पूर्व बंगालमधील स्त्रिया ज्या गोष्टी सांगत, त्या येथे ग्रंथबद्ध झाल्या. चिमुकला शिंपी पक्षी राजालाही जेरीस आणतो. दुर्बलाची चतुराई हे या कथांचे सूत्र होय. यातील भाषा बोलीच्या लयीजवळची असून उपदेशाचा भार तिच्यावर नाही.

१९१३ मध्ये त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे सचित्र मासिक काढले. वार्ता आणि मिठाई असे दोन्ही अर्थ या नावात आहेत. लेखन, चित्रे आणि छपाई ही तिन्ही कामे तेथे एकाच घरातून होत. ‘गुपी गाइन बाघा बाइन’ ही कथा याच मासिकात आली. मात्र २० डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५२व्या वर्षी मधुमेहाने त्यांचे निधन झाले. पुत्र सुकुमार यांनी मासिक सांभाळले. तेही १९२३ मध्ये वारले आणि पुढे व्यवसाय बुडाला. नातू सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह ‘संदेश’ पुनरुज्जीवित केले आणि १९६९ मध्ये त्या कथेवरील चित्रपट पडद्यावर आणला.

उपेंद्रकिशोरांच्या लेखी चित्र हे कथेचे अलंकरण नव्हते. अक्षरओळख नसलेले मूल पुस्तक प्रथम चित्रातूनच वाचते, हे गृहीत धरल्याखेरीज एका लेखकाने ठसेकामासाठी खर्चिलेल्या वर्षांचा अर्थ लागत नाही. बालवाङ्मयाच्या अभ्यासकाने संहितेइतकेच चित्रकाराकडे व मुद्रणाकडे लक्ष द्यावे, हाच या चरित्राचा निष्कर्ष होय.